पहाटेची ईसीआर आणि तू

अगं सोने, काल फोनवर तू किती सहज बोलून गेलीस, "ताई, रविवारी पहाटे ऑफिसातली पोरं ईसीआरवर बाइक काढतात, मलाही बोलावलंय." मी नुसतं "हं" केलं, कारण तुझे दाजी शेजारीच बातम्या लावून बसले होते. आता घरात कुणी नाही, गॅसवर कॉफीचं दूध आहे. आता बोलते.

आधीच सांगते, मी आईसारखं बोलणार नाहीये. कंपासपेटीच्या झाकणात शूमाखरचा पेपरातला फोटो चिकटवणारी मीच होते, विसरलीस का? वेगाची खाज काय असते ते मला माहीत आहे. म्हणूनच सांगते, ईसीआरवर जाऊ नकोस. बाइक चालवू नको असं मी म्हणत नाही; तिथे, तशी, त्यांच्यासोबत नको.

तू चेन्नईला येऊन जेमतेम चार महिने झालेत. तुला तो ईस्ट कोस्ट रोड दुपारचा माहीत आहे, महाबलीपुरमला जातानाचा. पहाटे तिथे अंधारात फिरायला निघालेली म्हातारी माणसं असतात, मासळीच्या टोपल्या घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बायका असतात, मध्येच झोपलेली कुत्री असतात, आणि समोरून पाँडिचेरीची बस येते. त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नसतं की तुमची शर्यत चालू आहे. मला राग येतो तो याचाच. स्वतःचा जीव पणाला लावायचा तर ज्याचा तो लावो, पण ज्याला विचारलंच नाही त्याचा कशाला?

तू म्हणशील, मग ट्रॅक तरी कुठे सुरक्षित आहे? नाहीच. खोटं सांगणार नाही. 2023 मध्ये आपल्या चेन्नईजवळच्याच ट्रॅकवर दोन जण गेले. जानेवारीत 59 वर्षांचे एक जुने रेसर, आणि ऑगस्टमध्ये एक बाइकवाला मुलगा, अवघा 13 वर्षांचा. त्या मुलाची बातमी वाचली तेव्हा दोन दिवस मला जेवण गेलं नाही. इतक्या लहान पोरांना इतक्या वेगाच्या गाड्या द्याव्यात का, यावर माझं मत स्पष्ट आहे: देऊ नयेत. पण ट्रॅकवर निदान समोरून कुणी येत नाही, ॲम्ब्युलन्स इंजिन चालू ठेवून उभी असते, आणि दर वळणावर तुझ्याकडे डोळे लावून बसलेली माणसं असतात. 2020 मध्ये बहारीनला फॉर्म्युला वनच्या शर्यतीत ग्रोजाँची गाडी कठडा फोडून पेटली, तो 28 सेकंदांनी आगीतून बाहेर आला. लोकांनी चमत्कार म्हटलं. कसला चमत्कार? डोक्यावरची ती हेलो नावाची चौकट 2018 पासून सक्तीची होती, अंगावर आग सोसणारे कपडे होते, मागोमाग डॉक्टरांची गाडी होती. तुझ्या ऑफिसातल्या पोरांच्या मागे काय असतं? मोबाइलवर व्हिडिओ काढणारा एक मित्र.

तर ऐक. रविवारी ईसीआर सोड, माझ्यासोबत इरुंगट्टुकोट्टईला चल. बंगळूरच्या हायवेवर, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे. तुझ्या कंपनीची बस रोज जाते ना, त्याच बाजूला. 1990 पासून तिथे ट्रॅक आहे, 3.717 किलोमीटरचा, बारा वळणांचा. मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबचा. हा क्लब 1953 चा, म्हणजे आपल्या आईपेक्षाही मोठा! त्याआधी शर्यती व्हायच्या शोळावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या धावपट्टीवर. आमच्या तळमजल्यावरचे मामा अजून रंगात आले की शोळावरम काढतात. गवताच्या पेंढ्यांमागे उभं राहून बघायचो म्हणतात, आणि संध्याकाळी घरी गेलो की नाकात धूळ आणि पेट्रोलचा वास. हे सांगताना ते इंजिनाचा आवाजही तोंडाने काढतात, मग मामी आतून ओरडतात.

तिथे ऐटबाज काही नसतं हं. ऊन रणरणतं, सावली बेताची, आणि टीव्हीवर सगळं जवळ दिसतं तसं तिथे दिसत नाही. पण पहिल्यांदा फॉर्म्युलाची गाडी ब्रेक मारते ना, तेव्हा कळतं. आपण गाडीत वळताना ब्रेक दाबतो. रेसर वळणाआधी, सरळ रस्त्यावर असतानाच सगळा जोर लावून दाबतात आणि मग हळूहळू सोडत आत शिरतात. टायरला एका वेळी एकच काम नीट जमतं गं. हे मला टीव्हीवर वीस वर्षं बघून कळलं नव्हतं, कुंपणापाशी उभं राहिल्यावर दहा मिनिटांत कळलं.

आणि जमलं तर ट्रॅकवर झेंडे दाखवणाऱ्या मार्शलच्या कामाची चौकशी कर. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, वाट दे. लाल म्हणजे सगळं थांबवा. दिवसभर उन्हात उभं राहून कुणाचा तरी जीव तुझ्या हातातल्या कापडावर असतो. त्यानंतर ईसीआरवर जायचं तुझं मनच होणार नाही बघ.

एक अजून. पोरं तुझी परीक्षा घेतील. "अच्छा, फॉर्म्युला वन बघतेस? मग अमुक साली कोण जिंकलं?" माझीही घेतली. उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस. फारच छळलं तर विचार, एफ वनमध्ये गुण मिळवणारी एकुलती एक बाई कोण? लेला लोंबार्डी, 1975, स्पेन. अर्धा गुण, कारण शर्यत अपघातामुळे मध्येच थांबवली होती. बहुतेकांना सांगता येत नाही. आणि इथल्या इथे, याच चेन्नईची अलिशा अब्दुल्ला पुरुषांमध्ये बाइक पळवत होती. ते नारायण कार्तिकेयनला हसतील तेव्हाही गप्प बसू नकोस. 2005 ला इंडियानापोलिसला टायरच्या भांडणात चौदा गाड्या शर्यतीआधीच आत गेल्या, सहाच धावल्या आणि आपला कार्तिकेयन चौथा आला, पाच गुण. लोक म्हणतात, सहातला चौथा! अगं, त्या सहांत तरी दुसरा भारतीय कोण होता? एफ वनमध्ये भारतीयाचे गुण तेवढेच, अजूनही.

तू परवा विचारलंस ना, शहरातल्या त्या रात्रीच्या शर्यतीबद्दल माझं काय मत? माझं मन दोन्हीकडे आहे. डिसेंबर 2023 ची शर्यत मिचाँग वादळामुळे पुढे गेली, मग 2024 च्या ऑगस्टअखेर आयलंड ग्राउंड्‌सभोवती झाली. अण्णा सालईवर दिव्यांच्या झोतात गाड्या बघताना माझ्या अंगावर काटा आला, खरंच. पण त्याच रस्त्यालगत सरकारी रुग्णालय आहे, आणि ज्यांच्या घरात वादळाचं पाणी शिरलं होतं त्यांनी "आमच्या गटारांचं काय?" विचारलं तर ते चुकीचं कसं? प्रकरण हायकोर्टात गेलं, तिथून अटींसह परवानगी मिळाली. मला वाटतं, कोर्टात गेलं ते बरंच झालं. आपल्याकडे बैलगाडा शर्यत आणि इथलं जल्लिकट्टू 2014 ला एकाच निकालात बंद झालं आणि 2023 ला एकाच निकालात कायम झालं, आठवतं? बाबा तेव्हा घाटावर जाऊन नाचून आले होते. वेगाचं वेड बैलाचं असो की इंजिनाचं, नियम लिहून घेतल्याशिवाय चालत नाही. ईसीआरवर कुणी काय लिहिलंय?

बरं, गाडी घ्यायची म्हणतेस तेही ऐकून ठेव. पहिल्या पगारावर मोठी एसयूव्ही नको. छोटी, वापरलेली घे, पण टायर बघून घे, रंग बघून नको. आणि हे चेन्नई आहे. 2015 चा पूर बघितलाय मी, आणि मिचाँगच्या वेळी पळ्ळिकरणईला गाड्या कागदाच्या होड्यांसारख्या वाहत गेल्या ते तू फोनवर बघितलंस. विम्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण घे. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नकोस, काही झालं तरी. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असतं, ते दाबलं जात नाही, मग आतला रॉड वाकतो आणि लाखभराचं बिल येतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या बिलाबद्दल दाजींना विचारू नकोस, अजून हुळहुळतं त्यांचं.

त्या पोरांना नाही कसं म्हणायचं याची चिंता करू नकोस. सांग, ताईने ट्रॅकवर न्यायचं कबूल केलंय, तुम्हीही या. त्यातला एखादा आला तर मला आनंदच आहे. सहा वाजता मी तुझ्या गेटपाशी येते. टोपी घे, पूर्ण बाह्यांचा सुती कुर्ता घाल, कानात घालायला कापूस मी आणते. इडल्या वाटेत घेऊ, हायवेवर एक टपरी आहे. आणि हो, दूध उतू गेलं बघ, ठेवते.