गोंगाटातील श्रवण आणि ‘लक्ष नसलेला’ विद्यार्थी

प्रश्न विचारला असता जो विद्यार्थी शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहतो किंवा भलतेच उत्तर देतो, त्याच्या नावापुढे ‘लक्ष नसते’ असा शेरा सहज पडतो. तोच विद्यार्थी मधल्या सुट्टीत एकटा समोर बसविला असता सर्व काही बरोबर सांगतो. अशा वेळी उणीव बुद्धीची नसून गोंगाटातून बोलणे निवडून घेण्याची असू शकते.

आवाज ऐकू येणे व शब्द उमगणे या दोन भिन्न क्रिया होत. ‘ताट’, ‘पाट’, ‘खाट’ या शब्दांतील ‘आ’ हा स्वर जोरकस असल्याने गोंगाटातही पोहोचतो. परंतु अर्थभेद करणारे पहिले व्यंजन क्षीण असल्याने लोपते. प्रौढ मनुष्य संदर्भावरून तर्क करतो. बालकाचा शब्दसंग्रह अपुरा असतो, आणि गोंगाटात ऐकण्याची शक्ती किशोरवयापर्यंत वाढत राहते. तांड्यावरून येणाऱ्या, घरी गोरमाटी बोलणाऱ्या बालकास ही अडचण अधिकच जाणवते.

किल्लारी परिसरात या विषयास आणखी एक बाजू आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व माळवदांचे ओझे हजारोंच्या प्राणांवर बेतले. पुनर्वसनात सिमेंटची बांधकामे आली, आणि ते योग्यच झाले. तथापि गुळगुळीत सिमेंट ध्वनी शोषून न घेता परत फेकते. त्यामुळे उघड्या भिंतींच्या खोलीत शब्द घुमून एकमेकांत मिसळतात. पत्र्याच्या छपराखाली तर पावसाची सर आली की शिक्षकाचा आवाज बुडून जातो.

यास्तव शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबेलने उतरते. म्हणून ओरडण्यापेक्षा जवळ जावे व अशा बालकास पुढे बसवावे.

२. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. ओठांच्या हालचालीवरून बालकास पुष्कळ कळते.

३. भिंतींवर कापडी तक्ते लावावेत, जमिनीवर सतरंजी अंथरावी. रस्त्याने ट्रॅक्टर जात असता क्षणभर थांबावे. जोराच्या पावसात तोंडी पाठाऐवजी लेखनकार्य द्यावे.

४. ‘समजले का?’ असे विचारू नये. बालक मान डोलावून मोकळे होते. ‘काय सांगितले ते सांग’ असे म्हणावे.

५. बालकाच्या मागे उभे राहून वरीलसारखे पाच शब्द प्रथम शांततेत, नंतर वर्ग चालू असता उच्चारावेत व म्हणवून घ्यावेत. ही वैद्यकीय परीक्षा नव्हे. शंका येण्यापुरती खूण होय.

शंका आल्यास पालकांना बोलावून कान फुटणे, वारंवार सर्दी होणे यांविषयी विचारावे. पडद्यामागे पाणी साचल्यानेही श्रवण मंदावते व ते उपचाराने सुधारू शकते. कानात तेल घालू देऊ नये. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा अशा बालकाचे नाव आवर्जून सांगावे. शांत खोलीतील तपासणी निर्दोष ठरली तरी काही बालकांस गोंगाटात अडचण राहतेच. त्यांची पुढची जागा काढून घेऊ नये.

पहिलीत पडलेला शेरा बालकास चौथीपर्यंत चिकटून राहतो, आणि अखेरीस ते स्वतःच त्यावर विश्वास ठेवू लागते. म्हणून शेरा लिहिण्यापूर्वी एकदा त्याच्याजवळ बसून, शांततेत, तोच प्रश्न पुन्हा विचारावा.