वृद्ध वाचक : एका नकलेवरून घेतलेला धडा

आमच्या शाळेच्या वाचनालयांत एक तैलचित्र टांगलेलें आहे, तें बहुतेक विद्यार्थ्यांनीं पाहिलेंच असेल. पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध पुरुष मोठा ग्रंथ उघडून त्यांत गढून गेला आहे. गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं लासलगांवच्या कांदाबाजारांतील एक व्यापारी पालक त्यापुढें उभे राहिले व त्यांनीं विचारलें, "मास्तर, हें अस्सल काय?" अस्सल नव्हे, हातानें काढलेली नक्कल आहे, असें आम्हीं सांगतांच ते हंसून म्हणाले, "मग ह्याचें मोल तें काय?" शेजारीं उभा असलेला त्यांचा मुलगा म्हणाला, "आणि सर, परीक्षेंत नक्कल केली तर आपण शिक्षा करतां!" दोन्ही प्रश्न वाजवी होते. त्या गर्दींत त्यांचें उत्तर नीट देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम मूळ चित्राविषयीं. जां ऑनोरे फ्रागोनार (१७३२–१८०६) ह्या फ्रेंच चित्रकारानें तें सुमारें १७६४ सालीं काढलें. 'तत्त्ववेत्ता' हें त्याचें नांव असून तें जर्मनींतील हांबुर्ग येथील कलासंग्रहालयांत आहे. त्या काळच्या कलेस 'रोकोको' म्हणतात. शिंपल्यांसारखीं वळणें, नाजूक फिकट रंग आणि उद्यानांतील श्रीमंतांचा विलास हीं तिचीं नेहमींचीं लक्षणें होत. फ्रागोनार ह्या विलासाच्या चित्रांकरितांच प्रसिद्ध आहे. परंतु त्याच हातानें हा वृद्ध आणि त्याचें पुस्तकही रंगविलें. त्याचा हात फार जलद चाले. १७६९ सालच्या त्याच्या एका व्यक्तिचित्रामागें, तें एका तासांत काढलें, अशी नोंद चिकटविलेली आहे.

नक्कल करणाराची खरी अडचण येथेंच आहे. तो प्रथम मूळ चित्रावर चौकटी कल्पून त्याच प्रमाणांत आपल्या कापडावर रेघा आंखतो, खाका उतरवितो, पातळ तपकिरी रंगानें छायाप्रकाश बसवितो आणि मग वरचे रंग चढवितो. जो फटकारा मूळ चित्रकारानें निमिषांत मारला, तो ह्यानें पुनःपुन्हां पाहून, तोलून मारावयाचा. म्हणूनच आमच्या चित्रांतील दाढी जरा अधिक गुळगुळीत झाली आहे. चित्राकडे खिडकीच्या बाजूनें तिरपें पाहिल्यास रंगाचे उंचवटे दिसतात. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईजवळ घाटकोपर येथें काढलेल्या छापखान्यांतील देवादिकांचीं चित्रें आपल्या कित्येक घरांत लागलीं. तीं दगडावरून छापलेलीं असल्यामुळें एकासारखीं हजारों निघत. हातानें केलेल्या दोन नकला मात्र कधींच अगदीं एकसारख्या होत नाहींत.

आतां मोलाचा प्रश्न. त्याचें उत्तर दूर फ्रान्सांत शोधण्याचें कारण नाहीं. लासलगांवाहून आगगाडीनें जळगांवास जावें, तेथून अजिंठा सुमारें ६० किलोमीटर. तेथील लेण्यांच्या भिंतींवरील चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर १८४४ सालीं मेजर रॉबर्ट गिल यांची नेमणूक झाली. त्यांनीं तेथें कित्येक वर्षें घालविलीं. त्यांच्या बहुतेक नकला लंडनजवळील सिडनहॅमच्या स्फटिकगृहांत १८६६ सालीं लागलेल्या आगींत जळून गेल्या. हें ऐकून दुसरा कोणी खचला असता. परंतु १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व पेस्तनजी बोमनजी आदि त्यांचे विद्यार्थी पुन्हां त्याच भिंतींपुढें बसले आणि १८८५ पर्यंत काम करीत राहिले. त्यांच्याही अनेक नकला पुढें लंडनमध्येंच आगींत नष्ट झाल्या. पण त्यांवरून तयार झालेले दोन मोठे ग्रंथ १८९६–९७ सालीं प्रसिद्ध झाले. भिंतींवरील कांहीं भाग त्यानंतर झिजून गेला आहे. तो आज ह्या नकलांतच पाहावा लागतो. अस्सल नाहींसें झालें असतां नकलेनें त्याची साक्ष द्यावी, ह्याहून अधिक मोल तें कोणतें?

मात्र ह्याच कथेंत एक इशाराही आहे. रंग उठून दिसावे म्हणून त्या काळीं मूळ भित्तिचित्रांवर रोगण चढविण्यांत आलें. पुढें तें पिवळें व काळसर पडून चित्रांस अपाय झाला. नक्कल करणारानें आपल्या सोयीसाठीं मूळ वस्तूस हात लावूं नये, हा धडा फार महाग पडला.

आतां मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. फ्रागोनारनेंही तरुणपणीं रेंब्रांटच्या चित्राची नक्कल करून हात तयार केला. त्यांत त्यास कमीपणा वाटला नाहीं. मग परीक्षेंतील नकलेस शिक्षा कां? कारण ती करणारा मुलगा शेजाऱ्याची वही पाहतो, विषय पाहत नाहीं. आणि वर स्वतःचें नांव घालतो. आमचें चित्र काढणारानें मागील बाजूस 'फ्रागोनारवरून' असें स्वच्छ लिहून ठेविलें आहे. दोहोंतील अंतर एवढ्या एका शब्दाचें आहे, आणि तें फार मोठें आहे.

चित्रांतील वृद्धाकडे पुन्हां एकदां पाहावें. इतकें वय झालें तरी तो एकेक ओळ सावकाश वाचीत आहे. चांगली नक्कल हेंही असेंच एक वाचन होय. तरी आमच्या विद्यार्थ्यांस आमची सूचना ही कीं, येत्या सुटींत प्रत्येकानें आपल्या घरांतील वडीलधाऱ्या माणसाच्या हस्ताक्षरांतील एखादें जुनें पत्र किंवा हिशेबाचें पान अक्षरशः उतरून काढावें, मूळ पानास डाग लागूं देऊं नये, आणि खालीं 'नक्कल' असें लिहून आपली सही करावी. ज्या पालकांनीं मोल विचारलें, त्यांनीं तीं पानें अवश्य पाहावीं. आजोबांचें जें अक्षर घरांत कोणासही लागत नाहीं, तें उतरून काढतां काढतां आपल्याच मुलास लागूं लागलेलें त्यांस दिसेल.