माल माझा, गाडीही माझी. मग पाटी पिवळी का?

प्रश्न : आमगाव तालुक्यात माझी लहानशी राइस मिल आहे. धानाचे कट्टे आणायला आणि तांदूळ पोचवायला मी स्वतःची पिकअप घेतली. कुणाकडून एक रुपया भाडे घेत नाही. तरी गाडी ‘ट्रान्सपोर्ट’ म्हणून नोंदली गेली. पिवळी पाटी, फिटनेस, महागडा विमा, सगळे मागे लागले. गावातले ट्रॅक्टर मात्र पांढऱ्या पाटीवर राजरोस रेती आणि विटा वाहतात. हा न्याय कुठला?

उत्तर : भाडे घेतले तर गाडी व्यावसायिक, नाही तर खासगी, असे आपण सगळेच धरून चालतो. माणसे वाहणाऱ्या गाडीपुरते ते बरेचसे खरे आहे. मालाच्या गाडीला ते लागू नाही, आणि तुमची गफलत नेमकी इथेच झाली आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधली मालवाहू गाडीची व्याख्या वाचा. फक्त माल वाहण्यासाठी बांधलेली गाडी मालवाहू. आणि तशी बांधलेली नसली, तरी माल वाहत असताना तीही मालवाहूच. माल कुणाचा, भाडे किती, याचा त्यात उल्लेखच नाही. तुमच्या पिकअपला मागे हौदा आहे, एवढ्यावर निकाल लागला. तुमचा हिशेब स्वच्छ आहे हे मान्य, पण आरटीओने तो तपासायचाच नसतो.

माणसांच्या गाडीत मात्र पैसा आडवा येतो. पांढऱ्या पाटीच्या कारने डॉक्टर रुग्ण पाहायला गेला किंवा तुम्ही व्यापाऱ्याला भेटायला गोंदियाला गेलात, तर कार खासगीच राहते. तीच कार भाडे ठरवून लग्नाला दिली, की ती प्रवासी वाहतूक होते आणि परमिट लागते. परमिट नसताना पकडले गेलात तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, शिवाय कैदेचीही तरतूद. आणखी एक गोष्ट मिलवाल्यांना सहसा माहीत नसते : चालक सोडून सहापेक्षा जास्त माणसांची गाडी घेऊन तिच्यातून धंद्याच्या कामासाठी आपले मजूर नेहमी नेत असाल, तर भाडे न घेताही ती परिवहन वाहनात मोडते. शाळेची बसही तशीच.

आता ट्रॅक्टर. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी शेतीच्या ट्रॅक्टरला परिवहनेतर ठरवले आहे, पण ही सवलत शेतीच्या कामाशी बांधलेली आहे. बांधीतून धान काढून मार्केटिंग फेडरेशनच्या किंवा देवरीकडे आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर ट्रॉली नेली, तर ते शेतीचेच काम. त्याच ट्रॉलीत रेती, मुरूम, विटा भरल्या की सवलत संपली. कर्नाटकातल्या नटवर पारीख कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले, की ट्रॅक्टरला ट्रेलर जोडून माल वाहिला तर ती जोडी मालवाहू गाडी ठरते आणि तिला परमिट लागते. गावात जे राजरोस चालते ते कायदेशीर नाही. पकडले जात नाही, इतकेच. ट्रॉलीत वऱ्हाड बसवणे तर त्याहून वाईट. अपघात झाला, तर शेतीसाठी घेतलेल्या विम्यावर भरपाई मागताना नाकी नऊ येतात.

कराचे म्हणाल, तर पिवळी पाटी म्हणजे जास्त कर, हे प्रत्येक वेळी खरे नसते. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या खासगी पेट्रोल कारला ११ टक्के आणि डिझेल कारला १३ टक्के एकरकमी कर अनेक वर्षे राहिला आहे. उलट ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना ७ टक्के एकरकमी कर लावण्याचा प्रस्ताव राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात होता. कार कंपनीच्या नावावर घेतली तर पाटी पांढरीच राहते, पण कर २० टक्के! तेव्हा मिलच्या नावावर कार घ्यायचा विचार असेल तर आधी हा आकडा पाहा.

तुमचा खरा खर्च फिटनेस आणि विम्याचा आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस करावे लागते. ते चुकवू नका. ब्रेक गेलेली, कट्ट्यांनी भरलेली पिकअप बाजाराच्या दिवशी रस्त्यावर कुणालाच नको असते.

दोन गोष्टी मात्र तुमच्या बाजूच्या आहेत. चालकाकडे हलक्या वाहनाचे लायसन्स असेल, तर ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवायला वेगळी परवानगी लागत नाही; सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे कायम केले. दुसरी गोष्ट परमिटची. आरसी बुकात गाडीचे मालासह एकूण वजन लिहिलेले असते. ते ३,००० किलो किंवा त्याहून कमी असेल, तर कायद्याच्या ६६ व्या कलमानुसार परमिटची गरज नाही. ‘छोटा हत्ती’सारख्या गाड्या यात बसतात, मोठ्या पिकअप बहुधा बसत नाहीत. एजंटाच्या हातात परमिटचे पैसे ठेवण्याआधी आपले आरसी बुक उघडून तो आकडा स्वतः वाचा.