मुलांना दगडाची झीज कशी दाखवावी?

प्रश्न : पाचवीच्या मुलांना दगडी वास्तूंची झीज कशी समजावू?
– एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : आधी त्यांना झीरो माइलला न्या. १९०७च्या जीटीएस (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे) बेंचमार्कशेजारचा तो खांब वालुकाश्माचा, म्हणजे वाळूचे कण चिकटून झालेल्या दगडाचा. कडा नुसत्या बघू द्या. हात नको, घामातले क्षारही दगडाला बाधतात. मग विटेचा तुकडा आणि काळ्या दगडाची खडी मिठाच्या दाट पाण्यात रात्रभर भिजवा, दिवसा कडक उन्हात वाळवा. असं पुन्हा पुन्हा, न कंटाळता. वीट सच्छिद्र असते. आत शिरलेल्या मिठाचे स्फटिक वाढतात, छिद्रांवर दाब देतात आणि पोपडे सुटू लागतात. खडी मात्र जवळपास तशीच राहते. आम्लाने होणारी झीज दाखवायला संगमरवराच्या चुऱ्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतील.