जड ग्रहावरची माणसे

विज्ञानकथा हा शब्द उच्चारला की याने, यंत्रमानव आणि परग्रहांवरील चमत्कारिक प्राणी डोळ्यांपुढे उभे राहतात. पण या वाङ्मयप्रकारात एक अगदी साधी कल्पना लेखकांनी वारंवार हाताळली आहे. जेथे प्रत्येक वस्तूचे वजन पृथ्वीवरील वजनाच्या दीडपट, दुप्पट किंवा त्याहूनही अधिक भरते अशा ग्रहावर माणसाने वस्ती केली, तर त्या माणसाचे काय होईल, ही ती कल्पना होय. प्रस्तुत लेखात तिचा थोडा विचार करावयाचा आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी असल्यामुळे गणित लागेल तेवढेच घेतले आहे. माझा मुख्य प्रश्न वाङ्मयाचा आहे. वजन माणसाच्या केवळ हाडांवर बसते, की त्याच्या विचारांवरही बसते?

गुरुत्व आणि आपला खानदेश

हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. आपल्या जळगाव जिल्ह्यातच, चाळीसगाव तालुक्यात पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. तो यादवांच्या काळातील, इ. स. १२०७ च्या सुमाराचा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ त्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिला. पृथ्वीच्या ठिकाणी ओढून घेण्याची शक्ती आहे, तिच्यामुळे आकाशातील जड वस्तू तिच्याकडे खेचली जाते आणि आपल्याला ती पडल्यासारखी दिसते, असा विचार त्यांनी या ग्रंथाच्या गोलाध्यायात मांडला. याचा अर्थ न्यूटनच्या आधी न्यूटनचा नियम सापडला, असा मात्र नाही. ही ओढ किती व अंतराप्रमाणे ती कशी कमी होते, याचे गणित भास्कराचार्यांनी दिलेले नाही. ते न्यूटनने १६८७ मध्ये दिले. तरीही पृथ्वी ओढते आणि म्हणून वस्तू पडते, ही कल्पना शिकविणारा मठ आपल्या मातीत होता, ही गोष्ट लहान नाही.

संस्कृतात ‘गुरु’ म्हणजे जड. शिकविणाराही गुरू, सर्वांत मोठा ग्रहही गुरू आणि छंदःशास्त्रातील दीर्घ अक्षरही गुरूच. मराठीत ज्याच्या शब्दाला मान असतो तो माणूस ‘वजनदार’ असतो, चांगली वस्तू ‘भारी’ असते आणि वाईट प्रतीचा माल ‘हलका’ असतो. आपल्या भाषेने जडपणाला मान दिला आहे. दुप्पट वजनाच्या ग्रहावर मराठी माणसांनी वस्ती केली, तर चार पिढ्यांनंतर ‘भारी’ हा शब्द तेथे स्तुतीचा राहील काय, हा भाषेच्या विद्यार्थ्याने विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

मराठी विज्ञानकथेत गुरुत्वाकर्षण

मराठीत विज्ञानकथा आली ती प्रथम भाषांतराच्या वाटेने. ज्यूल्स व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ‘केरळकोकिळ’ मासिकातून मराठी वाचकांपुढे आली. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट करून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. कथेचे नाव होते ‘कृष्णविवर’. म्हणजे डॉ. नारळीकरांच्या कथालेखनाचा आरंभच गुरुत्वाकर्षणाच्या परमावधीपासून झाला. पुढे २०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

कृष्णविवराजवळ काळसुद्धा मंद चालतो. दुप्पट वजनाच्या ग्रहावर मात्र घड्याळात जाणवण्यासारखा फरक पडणार नाही. तो माणसाच्या गुडघ्यात पडेल. कृष्णविवर हा भव्य विषय आहे. जड ग्रह हा त्या मानाने घरगुती विषय आहे आणि माझ्या वाचनात आलेल्या मराठी विज्ञानकथांत तो मला आढळला नाही. म्हणून पुढील उदाहरणे इंग्रजी कादंबऱ्यांची घ्यावी लागत आहेत.

ग्रह जड कशामुळे होतो?

ग्रहाच्या पृष्ठभागावर आपले वजन किती भरेल, हे दोन गोष्टींवर अवलंबून असते. त्याचे वस्तुमान वाढले की वजन त्याच प्रमाणात वाढते; परंतु त्रिज्या वाढली की तिच्या वर्गाच्या प्रमाणात ते घटते. म्हणून मोठा ग्रह जड असतोच असे नाही. शनीचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ९५ पट आहे. पण तो इतका फुगीर आहे की त्याच्या ढगांच्या थरावर वजन पृथ्वीपेक्षा थोडेसेच अधिक भरेल. गुरूवर ते सुमारे अडीचपट, मंगळावर सुमारे ०.३८ पट आणि चंद्रावर सहाव्या हिश्श्याइतके भरते. पृथ्वीइतक्याच घनतेचा पण दुप्पट त्रिज्येचा ग्रह घेतला, तर त्याचे वस्तुमान आठपट आणि वजन बरोबर दुप्पट येते. आपल्या वसाहतीसाठी हाच ग्रह धरून चालू.

येथील डोंगर बुटके असतील, कारण स्वतःच्या भाराखाली खडक किती उंच टिकेल हे गुरुत्वावर ठरते. मंगळावर ओढ कमी म्हणून तेथील ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी २० किलोमीटरांहून उंच आहे. एक मीटर उंचीवरून पडणे हे येथे आपल्याकडील दोन मीटरवरून पडण्याइतके लागेल. ओट्यावरून पडलेले मूल धाब्यावरून पडल्यासारखे आपटेल. साहजिकच घरे ठेंगणी होतील, जिने नाहीसे होतील, पाळणा जमिनीलगत येईल आणि झाडावर चढणे हा मुलांचा खेळ राहणार नाही.

शरीर आणि ओझे

माझे वडील धान्याच्या अडतीवर हमाली करतात, म्हणून ओझ्याचा विचार मला पुस्तकाबाहेरही करावा लागतो. पूर्वी धान्याचे पोते शंभर किलोंचे असे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये एका माणसाने उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. ‘माथाडी’ हा शब्दच माथ्यावरून आला आहे. साठ किलो वजनाच्या माणसाने साठ किलोंचे ओझे घेतले की त्याच्या गुडघ्यांपुरता तो दुप्पट गुरुत्वाच्या ग्रहावर गेला, असे म्हणता येईल.

पण हे साम्य येथेच संपते. हमालाचे ओझे त्याच्या बाहेर असते. ते त्याच्या मणक्यावर व सांध्यांवर बसते. त्याचे रक्त जड होत नाही. जड ग्रहावर मात्र रक्ताचा प्रत्येक थेंब जड होतो. हृदयापासून मेंदूपर्यंतचे वीतभराहून थोडे जास्त अंतर रक्त चढविण्यासाठी हृदयाला दुप्पट जोर लावावा लागतो. लढाऊ विमानाच्या वैमानिकाला तीव्र वळणावर हाच अनुभव येतो. शरीरावरचा भार चार-पाचपट झाला की सराव नसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. दुसरा फरक याहून मोठा आहे. हमाल थप्पीपाशी पोते टाकतो आणि पाठ सरळ करतो. जड ग्रहावर ओझे खाली ठेवण्याची जागाच नाही. झोपेतही छाती तेवढ्याच जड बरगड्या उचलत असते.

शरीर अशा भाराला काही प्रमाणात सरावते. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत कोंबड्या दीर्घकाळ फिरत्या यंत्रावर, वाढीव भाराखाली वाढविण्याचे प्रयोग झाले. अवकाशातील अनुभव याच्या उलट बाजूचा आहे. तेथे वजन जाणवत नाही, म्हणून भार पेलणारी हाडे दर महिन्याला सुमारे एक टक्का झिजतात. २०२५ च्या जुलैमध्ये अवकाश स्थानकावरून परतलेले आपले शुभांशू शुक्ला यांनाही पृथ्वीच्या ओढीशी पुन्हा जुळवून घ्यावे लागले. हाड म्हणजे भाराने घडविलेली वस्तू आहे. मोठ्या प्राण्याचे हाड नुसते लांब करून चालत नाही, ते जाडही व्हावे लागते, असे गॅलिलिओने १६३८ मध्ये दाखवून दिले होते.

कादंबऱ्यांतील तीन जगे

लॅरी निव्हन यांच्या कथामालिकेत जिंक्स नावाची वसाहत आहे. तेथे वजन १.७८ पट आहे. माणसे बुटकी, रुंद आणि अतिशय बळकट आहेत. पण हृदयविकाराने ती लवकर मरतात. एवढ्या एका तपशिलाने लेखकाने हिशेब चोख ठेवला आहे. बळ मिळाले, पण त्याची किंमत आयुष्यातून वजा झाली.

हॅरी हॅरिसन यांची ‘डेथवर्ल्ड’ ही कादंबरी १९६० ची. तिच्यातील पायरस ग्रहावर वजन दुप्पट आहे आणि तेथील प्रत्येक वनस्पती व प्राणी वसाहतीच्या जिवावर उठलेला आहे. शहरातील माणसे लहानपणापासून शस्त्र चालवितात आणि शहराबाहेर, जंगलाशी जुळवून राहणाऱ्यांना तुच्छ लेखतात. तेथील जीवसृष्टीला माणसाच्या मनातील द्वेष जाणवतो व ती त्यालाच उत्तर देते, हे शेवटी उघड होते. कल्पना सुंदर आहे. परंतु दुप्पट वजन या कादंबरीत मुख्यतः पात्रांचे स्नायू दाखविण्याच्या कामी येते. त्या वजनाखाली म्हातारी माणसे कशी जगतात, बाळंतीण कशी उठते, याकडे लेखकाचे फारसे लक्ष नाही.

मला सर्वांत श्रेष्ठ वाटली ती हॅल क्लेमेंट यांची ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’. ती १९५३ मध्ये एका मासिकातून क्रमशः आली. क्लेमेंट हे शाळेत विज्ञान शिकविणारे शिक्षक होते. त्यांचा मेस्क्लिन हा ग्रह इतक्या वेगाने फिरतो की त्याचा दिवस सुमारे अठरा मिनिटांचा आहे. त्यामुळे तो चपटा झाला आहे. विषुववृत्तावर वजन तिप्पट, तर ध्रुवाजवळ सुमारे सातशेपट आहे. येथे माणसाची वसाहत होऊच शकत नाही. मूळ रहिवासी गोमेसारखे, वीत-दोन वीत लांबीचे व अनेक पायांचे आहेत. माणसाचे एक यंत्र ध्रुवाजवळ अडकले आहे आणि ते काढण्यासाठी बार्लेनन नावाच्या तेथील व्यापारी तांडेलाची मदत घ्यावी लागते.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. बोटभर उंचीवरून पडूनही जेथे मरण येते, तेथील प्राण्यांना उंचीची जबर भीती आहे. ते डोक्यावर छप्पर सहन करीत नाहीत. फेकणे, उडी मारणे, उडणे या कल्पना त्यांच्या मनाला शिवलेल्याही नाहीत. अशक्य म्हणून त्यांनी त्या सोडल्या असेही नाही; त्या कधी सुचल्याच नाहीत. वजन विचारांवर बसते ते असे. जन्मापासून सोसलेले ओझे हे ओझे आहे, हेच कळेनासे होते. आमच्या घरात माझ्या आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. कोणी अडविले होते असे नव्हे. ती गोष्ट घरात बोलण्यातच येत नसे. म्हणून बार्लेननचे खलाशी मला परके वाटले नाहीत.

कादंबरीच्या शेवटी बार्लेनन सौदा करतो. यंत्र मिळवून देण्याच्या बदल्यात त्याला माल नको आहे. त्याला माणसांचे ज्ञान हवे आहे. तयार उत्तरे पुरणार नाहीत, पायापासून शिकावे लागेल, असे त्याला सांगितले जाते आणि तो ते मान्य करतो. अखेरीस उंचीला भिणारे ते खलाशी गरम हवेच्या जोरावर आपले जहाज आकाशात नेतात.

बाहेर पडण्याचा प्रश्न

जड ग्रहावर उतरणे त्या मानाने सोपे, निघणे मात्र फार कठीण. आपल्या दुप्पट गुरुत्वाच्या ग्रहावरून सुटण्यासाठी सेकंदाला सुमारे २२.४ किलोमीटर वेग लागेल. पृथ्वीवर तो ११.२ आहे. वेग दुप्पट म्हणजे इंधनही दुप्पट, असे नसते. एका विशिष्ट वेगासाठी निघतानाचे यान इंधनासह पोहोचणाऱ्या यानाच्या दहापट जड असावे लागत असेल, तर दुप्पट वेगासाठी ते शंभरपट जड असावे लागते. म्हणजे पहिली पिढी स्वखुशीने येईल. पुढच्या पिढ्यांना मात्र परतीचे दार जवळजवळ बंद असेल. वसाहतीचा निर्णय घेणारे आणि त्याचा भार वाहणारे वेगळे असतात. या कथाबीजातील खरे नाट्य मला येथे दिसते.

समारोप

जड ग्रहाची कथा हिशेबाने लिहिली, तर ती आपोआप माणसाची कथा होते. वजनाचा एक आकडा बदलला की घर, खेळ, भाषा, आयुर्मान आणि स्वप्ने बदलतात. लेखकाने तो आकडा शेवटपर्यंत पाळावा, एवढीच अट आहे. मराठीत अशी कथा अजून लिहिली जाण्यास वाव आहे आणि ती लिहिण्याची सामग्री आपल्याजवळ आहे. केळीचा घड खांद्यावर वाहणारी, पाणी डोक्यावर आणणारी, पोती रचणारी माणसे आपल्या घरांत आहेत. विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींनी गणित सांभाळावे, आम्ही कला शाखेच्यांनी माणसे सांभाळावीत. मात्र त्या कथेत ओझे पेलणाऱ्याच्या ताकदीचे केवळ कौतुक नसावे. बार्लेननप्रमाणे त्याने मजुरीत शिक्षण मागितले पाहिजे आणि कथेने ते त्याला मिळवून दिले पाहिजे.