तिचं तिला सांगू दे

रविवारच्या हळदीकुंकवात तू वहिनीबद्दल जे बोललीस ना, त्यावर मला तिथेच काहीतरी म्हणायचं होतं. पण चारचौघींत तुला टोकणं बरं नव्हे, म्हणून गप्प राहिले. आता बाळ झोपलंय, तर बस जरा. रागावले नाहीये मी.

"तिचं डोक्याचं आहे, गोळ्या चालू आहेत," असं म्हणालीस तू. वर "बिचारी" असंही म्हणालीस, म्हणजे मनात खोट नव्हती, ते मला कळतं. पण थोड्या वेळाने वहिनी तुझं बाळ मांडीवर घेऊन बसली, तेव्हा शेजारच्या काकूंनी "दे गं इकडे" म्हणत ते अलगद काढून घेतलं. तुझं लक्ष नव्हतं. वहिनीचं होतं.

तिला बायपोलर आहे. कधी आठवडेच्या आठवडे उठून वेणीफणी करायचंही बळ नसतं, तर कधी झोप नाही, बोलणं थांबत नाही, पैसा हातात टिकत नाही. लिथियमची गोळी आहे, तिचं रक्तातलं प्रमाण अधूनमधून तपासावं लागतं, आणि ते सगळं ती नेमाने करते. लोक म्हणतात, मधुमेहासारखंच समजा. मला ते पुरेसं वाटत नाही. मधुमेह आहे म्हणून कुणाच्या मांडीवरचं मूल कुणी उचलून नेत नाही.

आपल्याकडे भांडणात "येरवड्याला पोचवा हिला" म्हणतात, मुंबईकडे ठाण्याचं नाव घेतात. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. इतक्या वर्षांत तिथून कितीतरी माणसं बरी होऊन घरी गेली असतील, पण आपल्या तोंडी त्या गावाचं नाव शिवी म्हणूनच राहिलं.

तुला कधी सांगितलं नाही, पण मीही हेच केलंय. कॉलेजातल्या एका मैत्रिणीने मला विश्वासाने सांगितलं होतं की तिला आवाज ऐकू येतात. मला काळजी वाटली, म्हणून मी आईला सांगितलं. आईने मावशीला. महिन्याभरात ते तिच्या ठरत आलेल्या सासरी पोचलं. लग्न मोडलं ते मोडलंच, पण लोक बघतील या धास्तीने तिने दवाखान्यात जाणंही सोडलं आणि आजार बळावला. "काळजीपोटी सांगितलं" हे माझं उत्तर मलाच पटत नाही, आजही.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, २९ मे २०१८ पासून लागू. पेशंटची माहिती गुप्त ठेवणं त्याने डॉक्टरांना बंधनकारक केलंय. डॉक्टरांना कायदा आहे गं, आपल्याला नाही. आपल्याला आपणच आवरायचं.

म्हणून तोंड शिवून बसायचं असं मात्र नाही. लपवालपवीनेही माणूस एकटा पडतो. 'देवराई' सिनेमा आठवतो ना? शेषच्या स्किझोफ्रेनियाइतकीच त्यात त्याच्या बहिणीची ओढाताण आहे. सांभाळणाऱ्यालाही कुणाजवळ तरी बोलायला हवंच. दादालाही हवं. त्याने मन मोकळं केलं तर ऐक, पण ते तिथेच ठेव.

आणि वहिनीला सरळ विचार, "कुणी विचारलं तर मी काय सांगू?" ती म्हणेल तेवढंच सांगायचं. कदाचित म्हणेल, काहीच नको. मग "बरी आहे, भेटा की तिला" एवढं पुरतं.

एका वेळी मात्र गुपित पाळायचं नाही. जगणं नको झालंय असं ती कधी बोलली, तर "कुणाला सांगू नको" म्हणाली तरी दादाला सांगायचं, तिच्या डॉक्टरांना कळवायचं, आणि तिला एकटं सोडायचं नाही. टेलीमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आत्ताच फोनमध्ये साठवून ठेव.

काकूंना काय सांगायचं ते मी बघते. तू शनिवारी बाळाला घेऊन वहिनीकडे जा आणि आपल्या हाताने तिच्या मांडीवर दे.