ईयोबाचे मित्र आणि आपण



ईयोबाच्या तीन मित्रांना आपण नेहमी नावे ठेवतो. पण त्यांची सुरुवात फार चांगली होती. सात मुलगे व तीन मुली गमावलेला, अंगभर गळवांनी पिडलेला आपला मित्र पाहून अलीफज, बिल्दद व सोफर मोठ्याने रडले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्दही बोलले नाही (ईयोब २:११-१३). आपल्यापैकी कितीजण दुःखी घरात सात मिनिटे तरी गप्प बसू शकतात?

बिघडले ते बोलू लागल्यावर. ईयोबाने आक्रोश केला आणि मित्रांना वाटले, आता देवाची बाजू मांडायला हवी. अलीफजने विचारले, निर्दोष माणसाचा कधी नाश झाला आहे का? बिल्ददने तर मुलांच्या मरणाचे कारण मुलांचेच पाप असे सुचवले (८:४). दहा लेकरे गेलेल्या बापाला हे ऐकवायचे! शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर (४२:७).

आपणही मयताच्या घरी 'देवाची इच्छा', 'चांगली माणसे देवाला लवकर हवी असतात' असे बोलून जातो. (मीही बोललो आहे.) हेतू वाईट नसतो, शांतता आपल्यालाच सहन होत नाही. पण तरणा मुलगा गेलेल्या आईला ते कसे वाटत असेल?

बेथानीत मार्था व मरिया या दोघी बहिणींनी प्रभू येशूकडे एकच तक्रार केली: तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. मार्थाशी येशू पुनरुत्थानाविषयी बोलला. मरियेला रडताना पाहून मात्र तो स्वतः रडला (योहान ११). लाजरसाला आपण उठवणार हे ठाऊक असूनही रडला. दुःख एकच, पण एकीला शब्द हवे होते, दुसरीला अश्रू.

आपल्याकडे दफनाच्या दिवशी अंगणात उभे राहायला जागा नसते. महिन्याच्या मिस्सापर्यंत वर्दळ असते. मग पेन्शनचे कागद, मुलांची फी, हॉस्पिटलचे देणे यांत विधवा बहीण एकटीच उरते. ईयोबाचे नातेवाईक उशिरा आले खरे, पण आले तेव्हा त्याच्या घरी जेवले, त्याचे सांत्वन केले आणि प्रत्येकाने एकेक नाणे व सोन्याची अंगठी दिली (४२:११). उपदेश केल्याची नोंद नाही.

आपल्या विभागात गेल्या वर्षभरात कोणाकडे मयत झाले ते आठवा. त्यांतल्या एका घरी या आठवड्यात जाऊन या. चहा घ्या. गेलेल्या माणसाचे नाव त्यांनी काढले, तर विषय बदलू नका.